भुरक्यांची नोंदवही: कपिंग टेबलावरच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

कपिंग म्हणजे कॉफीचे नमुने ठरलेल्या पद्धतीने चाखून पारखणं. ते करणाऱ्या टेस्टरांच्या मुलाखतींचा भाग आज बंद केला. आतापर्यंतच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत एकच गोष्ट दिसते. "ही कॉफी कशी लागली?" असं विचारलं की व्यावसायिक टेस्टर फ्लेवर व्हील, म्हणजे चवी-वासांच्या ठरलेल्या शब्दांचं चाक, समोर धरल्यासारखं बोलतात: लिंबूवर्गीय आंबटपणा, कॅरॅमलचा गोडवा, मध्यम बॉडी (तोंडात जाणवणारा दाटपणा), स्वच्छ शेवट. खोटं कोणी बोलत नाही. पण ही उत्तरं चाखून झाल्यानंतरची आहेत. मला हवंय ते त्याच्या आधीचं. चमचा कपात बुडतो तिथपासून पेन्सिल फॉर्मवर टेकते तिथपर्यंत काय काय होतं? प्रकल्प तेवढ्या काही सेकंदांचा आहे.

व्हीलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाइनच्या वासांची प्रमाण शब्दावली ॲन नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात १९८४ मध्ये मांडली. कॉफीचं चाक १९९५ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेच्या सेन्सरी लेक्सिकॉनच्या, म्हणजे चवी-वासांच्या शब्दकोशाच्या, आधाराने नव्याने बांधलं गेलं. दोन माणसांनी दोन ठिकाणी एकच शब्द एकाच अर्थाने वापरावा, यासाठी ही चाकं आहेत, आणि ते काम ती चोख करतात. म्हणूनच मुलाखतीत ती आडवी येतात. शब्द इतका तयार असतो की शोधाशोध झाली होती हेच कळत नाही.

९ जानेवारी

कपिंग-खोलीची शिस्त लिहून ठेवते, नंतर सवयीची झाली की दिसायची बंद होईल.

प्रत्येक नमुन्याचे पाच कप. १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास. आधी कोरड्या पुडीचा वास, मग पाणी, मग साधारण चार मिनिटं नुसतं उभं राहणं. वर जमलेला थर चमच्याच्या पाठीने मोडतात, त्याला सगळे 'ब्रेक' म्हणतात, आणि त्या क्षणी नाक जवळजवळ कपात असतं. फेस काढून पुन्हा थांबायचं. ७१ अंशांच्या सुमाराला पहिला भुरका. पाच कप अशासाठी, की एखाद्या कपात एक खराब बी आलं तर बाकीचे चार त्याची चुगली करतात.

आणि बोलायचं नाही. फॉर्म भरून होईपर्यंत कोणी भुवई उंचावलेलीही पॅनेलप्रमुखांना चालत नाही. एकाचं मत दुसऱ्याच्या जिभेवर बसू नये, हा हेतू. प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला अशा खोलीत काम काय, असं एका सहकाऱ्याने विचारलं. मला वाटतं, तोंडं बंद असतात म्हणूनच इथे बाकी सगळं ऐकू येतं.

१६ जानेवारी

आजपासून कॅमेरा नाही, फक्त आवाज. टेबलाच्या मध्यावर एक रेकॉर्डर आणि दोन टोकांना दोन.

भुरका मोठ्याने मारण्यामागे दिखाऊपणा नाही. द्रव फवाऱ्यासारखा तोंडभर पसरतो आणि वासाचे बाष्पशील रेणू घशामागून नाकात चढतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग या मागच्या वाटेने येणारा वास असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, आंबट-कडू उरतं, बाकीचं गायब. त्यामुळे भुरका हे त्यांचं अवजार आहे, आणि प्रत्येकाचं वेगळं. ज्येष्ठ टेस्टरचा आखूड आणि कोरडा, शिट्टीच्या जवळ जाणारा. पॅनेलमधल्या सर्वांत तरुण मुलाचा लांब, शेवटी थोडा फाटलेला. ध्वनिमुद्रणावर डोळे मिटूनही कोण कुठे उभं आहे ते सांगता येतं.

लय ठरलेली: पाऊल, भुरका, थुंकणं, पाऊल. आज एका लॉटच्या, म्हणजे कॉफीच्या एका खेपेच्या, चौथ्या कपाशी ती मोडली. भुरका, लगेच दुसरा भुरका, मग शांतता, मग पेन्सिल. त्यानंतर आलेल्या टेस्टरने त्या कपाशी पोचण्याआधीच वेग कमी केला. तिच्यामागच्यानेही तेच केलं. कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं. फॉर्म गोळा केले तेव्हा चौथ्या कपावर तिघांनीही दोष नोंदवलेला.

आता हे तिघांचं तीन स्वतंत्र निदान, की पहिल्या दुहेरी भुरक्याने बाकीच्या दोघांना सावध केलं?

१९ जानेवारी

तेच ध्वनिमुद्रण पॅनेलला ऐकवलं. फॉर्म दाखवले नाहीत, लॉटचा क्रमांक सांगितला नाही. फक्त आवाज, आणि एकच प्रश्न: इथे काय चाललंय?

मुलाखतींतून हाती न आलेलं इथे आलं. ज्येष्ठ टेस्टरने स्वतःचा भुरका लगेच ओळखला. "इथे मी थांबले. काहीतरी होतं."

"काय होतं?"

"ते कळलं असतं तर परत कशाला घेतलं असतं?"

तरुण टेस्टर हसला आणि म्हणाला, "ताई, मॅडमनी दोनदा घेतलं की आम्हाला कळतं, पुढे खड्डा आहे." तो हे पॅनेलप्रमुखांच्या समोर बोलला. खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

पॅनेलप्रमुखांची पहिली सूचना: सगळ्यांना हेडफोन लावू आणि त्यांत मोठा आवाज चालू ठेवू. ती टिकली नाही, कारण मोठ्या आवाजात गोडव्याची जाणीव मंदावते हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ऐकणं बंद करायला जावं आणि चवच बदलून बसावी. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येकाने वेगळ्या कपापासून सुरुवात करायची, म्हणजे दुहेरी भुरका ऐकू आला तरी तो कोणत्या कपाचा हे पाठीमागे उभ्या असलेल्याला सहज कळणार नाही.

माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवते. गळती थांबवणं हे त्यांचं काम आहे, माझं नाही. त्यांच्या लेखी जो दोष, ती माझ्यासाठी सामग्री. पॅनेल एकमेकांना ऐकतं आणि त्यातून नव्या माणसाला कुठे थांबायचं ते शिकायला मिळतं. कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत हा धडा नाही. तो मुलगा दोष ओळखायला शिकला त्याआधी दोषाचा आवाज ओळखायला शिकला होता.

२ फेब्रुवारी

पॅनेलबरोबर मीही चाखायला शिकते आहे. शिकाऊ होणं ही मानववंशशास्त्रातली जुनी पद्धत आहे. संशोधकाचं स्वतःचं शरीरच इथे उपकरण, फक्त ते बिनभरवशाचं.

त्रिकोणी चाचणी रोज होते: तीन कप, दोन सारखे, तिसरा वेगळा, तो ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या यशावर उड्या मारू नयेत. जोडीला छत्तीस वासांच्या कुप्यांचा संच. अशा संचांबद्दल फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूर यांनी २००४ च्या एका लेखात मांडलेला मुद्दा मला इथे रोज दिसतो: शिकाऊ माणसाकडे आधीच तयार नाक असतं आणि संच ते तपासतो, असं नसून संचाबरोबर काम करता करताच फरक जाणणारं नाक घडत जातं.

माझ्यात बदल झाला तो मात्र मी धरला होता तो नाही. नवे वास फारसे सापडलेले नाहीत. थांबायचं कधी, हे कळायला लागलंय. गरम कपात जे सपाट होतं ते कोमट झाल्यावर उलगडतं आणि त्याची वाट पाहणं अंगवळणी पडतंय.

वहीत दोन रकाने केले आहेत, उत्तर कळण्याआधीचा आणि नंतरचा. त्यांच्यातलं अंतर हीच माझी सामग्री. शिवाय एक दिवसाआड शब्द बंद, फक्त रेघा आणि खुणा. याला कारण आहे. १९९६ मध्ये मेल्चर आणि स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की वाइन नेहमी पिणारी पण प्रशिक्षण नसलेली माणसं चवीचं वर्णन करायला बसली की नंतर तीच वाइन ओळखण्यात कमी पडतात. तज्ज्ञांचं तसं होत नाही. प्रशिक्षण नसलेल्यांची जीभ त्यांच्या शब्दांच्या पुढे गेलेली असते, आणि अपुरे शब्द आठवणीवर चढून बसतात. मी सध्या नेमकी त्या मधल्या पायरीवर आहे.

११ फेब्रुवारी

तापमानाची पट्टी आज पहिल्यांदा टेबलावर आणली. लांब कागद, डावीकडे ७१ अंश, उजवीकडे २१. प्रमाण पद्धतीत कप २१ अंशांवर आला की चाखणं थांबवतात, म्हणून तिथे कागद संपतो. टेस्टरने कप निवत जाईल तसं पट्टीवर काढत जायचं. शब्द नाहीत, आकडे नाहीत. रेघ, ठिपके, जाडी, काहीही.

प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना ही पद्धत आवडते, पण त्यांचं कारण मला पटत नाही. त्यांच्या मते वास आणि चव शब्दांत मावत नाहीत म्हणून चित्र. वासाला शब्द नसतात हे सगळ्या माणसांबद्दल खरं नाही. मलय द्वीपकल्पातल्या जहाई भाषकांबरोबर मजीद आणि बुरेनहुल्ट या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. जहाई माणसं वासांची नावं रंगांच्या नावांइतक्याच सहज सांगतात, आणि ते शब्द 'अमक्यासारखा वास' असे नसून 'लाल' किंवा 'निळा' यांच्यासारखे स्वतंत्र असतात. कपिंग टेबलावरही शब्दांचा तुटवडा नाही. ते फार लवकर येतात, ही अडचण आहे. हाताला दुसरं काम दिलं की ते थोडे उशिरा येतात. पट्टीचा उपयोग मला तेवढ्यासाठीच हवा.

संवेदनशास्त्राकडे याचं एक काटेकोर भावंड आहे. त्यात तोंडात या क्षणी कोणती संवेदना सगळ्यांत वरचढ आहे, ते चाखणारा संगणकावर एकामागून एक टिपत जातो. तिथे पर्याय आधीच लिहिलेले असतात. पट्टीवर कोणी काय काढायचं ते ठरलेलं नाही. त्यामुळे तुलना अवघड होते, हे मान्य.

काय मिळालं? एकीने आंबटपणा वरून खाली टोचणाऱ्या रेघांनी काढला. ६० अंशांनंतर त्या रेघा तिरक्या झाल्या आणि शेवटी आडव्या पडल्या. दुसऱ्याने सगळ्या लॉटसाठी जवळजवळ एकच डोंगर काढला. कंटाळला होता, त्याने तसं सांगितलंही. ज्येष्ठ टेस्टरने पेन्सिल घेतलीच नाही. "मला चित्रकला येत नाही," असं म्हणून पट्टीवर फक्त बोट फिरवलं, ४० अंशांच्या आसपास ते थांबलं आणि तिथे दोनदा टोकलं. कागद कोराच राहिला. ती नोंद आजची सगळ्यांत चांगली, आणि ती माझ्या नजरेखेरीज कुठेही उमटलेली नाही.

त्या जागेबद्दल नंतर विचारलं. एका कपात त्या तापमानाला 'कागद' आला होता. जुन्या मालाची, साठवणीतली चव. गरम असताना आंबटपणाखाली दडलेली.

१५ फेब्रुवारी

वासफेरी केली, टेस्टरांबरोबर बाहेर चालत वास टिपत जाणं. शहरांच्या अभ्यासात ही पद्धत उपयोगी पडते. इथे फारसं काही मिळालं नाही. सगळे सुटीवर असल्यासारखे गप्पा मारत होते. ज्यांचं नाक कामाच्या वेळी तुटून पडतं त्यांना कामाबाहेर त्याला विश्रांती द्यायची असते, एवढं कळलं. पुन्हा करणार नाही.

२३ फेब्रुवारी

ज्येष्ठ टेस्टरच्या बोटामुळे कॅमेरा परत आणला. कॅलिब्रेशनची, म्हणजे एकमेकांचे गुण जुळवून पाहण्याची, चर्चा चित्रित केली, म्हणजे फॉर्म भरून झाल्यावर बोलायला मोकळीक असते तो भाग, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्याचंच चित्रण आवाज बंद करून दाखवलं. हात काय म्हणतोय ते सांगायचं.

बॉडीबद्दल बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जातात, कापड पारखताना करतात तशी. जवळजवळ सगळेच हे करतात आणि कोणालाच ते माहीत नव्हतं. आंबटपणाची गंमत वेगळी. मॅलिक (सफरचंदातलं) आम्ल म्हणताना हात जबड्याच्या बाजूला जातो, सिट्रिक (लिंबातलं) म्हणताना जिभेच्या टोकाकडे, ओठांपुढे. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट असा पाठ्यपुस्तकांतला जिभेचा नकाशा चुकीचा आहे, सगळ्या मूळ चवी जिभेवर सगळीकडे कळतात. त्यामुळे हे हावभाव शरीरशास्त्र म्हणून वाचायचे नाहीत. मला ते आपापसातला पत्ता वाटतात. 'कुठे शोध' हे दुसऱ्याला सांगायची सोय.

आणि ती चालते. चित्रणात एके ठिकाणी तरुण टेस्टर म्हणतो, मला इथे काहीच लागत नाही. समोरची टेस्टर काही न बोलता स्वतःच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवते. तो पुन्हा भुरका मारतो, थांबतो, मान हलवतो. शब्द एकही नाही. त्याला ती चव खरोखर लागली की त्याने मान्य केली, हे चित्रणातून ठरत नाही. त्यालाही विचारलं. "लागली. पण तिने दाखवलं नसतं तर लागली नसती." यापुढे मला काही विचारता आलं नाही.

५ मार्च

आतापर्यंतच्या पद्धतींत मला सगळ्यांत भावलेली ही: दोष बनवून दाखवा.

वाद एका लॉटवरून होता. निम्म्या पॅनेलच्या मते त्यातलं फळ छान पिकलेलं, उरलेल्यांच्या मते ते आंबून पलीकडे गेलेलं. शब्द दोघांचाही तोच, 'फर्मेंटेड', एकाच्या तोंडी कौतुक, दुसऱ्याच्या तोंडी तक्रार. चर्चा दोन बैठका तशीच फिरत राहिली. मग दोन्ही बाजूंना सांगितलं की बोलू नका, बनवा. निर्दोष कॉफी, ॲसेटिक आम्लाचं (व्हिनेगरमधल्या आम्लाचं) पातळ द्रावण, जास्त पिकलेल्या फळाचा रस आणि ड्रॉपर दिले. तुम्हाला जिथे 'पलीकडे गेलं' वाटतं, ती रेषा कपात उभी करा.

द्रावणांनी रंग थोडा बदलत होता, म्हणून लाल दिव्यात चाखलं. रंगाची ढवळाढवळ किरकोळ नसते. बोर्दोमध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिय्यू यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, आणि तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत आलं. तो निबंध २००१ चा.

दोन्ही बाजूंच्या कपांची मांडामांड झाली तेव्हा गोंधळाची जागा सापडली. ॲसेटिकच्या प्रमाणात फार फरक नव्हताच. तक्रारवाल्यांनी त्यात फळाचा रस घातलाच नव्हता. त्यांच्या तोंडात फळ आलं नव्हतं, फक्त आम्ल आलं होतं. कौतुकवाल्यांना फळ आधी लागलं आणि आम्ल त्याच्या आत. भांडण रेषेचं समजत होतो, ते क्रमाचं निघालं. पॅनेलप्रमुखांनी तिथेच दोन्ही कपांना संदर्भ-नमुन्यांचे क्रमांक दिले आणि कृती लिहून घेतली. हे प्रशिक्षणात वापरणार, असं म्हणाल्या.

मुलाखतीत मी याच वादावर पानं भरली होती. त्यांत क्रमाचा उल्लेख कुठेही नाही.

१२ मार्च

वरून विचारणा आली. ध्वनिमुद्रणातून कोणता टेस्टर कोणत्या कपाशी अडखळतो ते कळतं, तर त्यावरून टेस्टरांची क्रमवारी लावून द्याल का?

नाही. संमतीपत्रात हा वापर नाही, विषय तिथे संपतो. तरी विचारणा का आली तेही लिहून ठेवायला हवं, कारण ती मूर्खपणाची नव्हती. व्यावसायिक टेस्टर ही मोजमापाची साधनं असतात आणि साधनांची तपासणी होत असते. ऑलिव्ह तेलाचं उदाहरण घ्या. ८ ते १२ जणांचं पॅनेल निळ्या काचेच्या पेल्यांतून, २८ अंशांच्या आसपास ठेवलेलं तेल चाखतं. त्यांच्या गुणांचा मध्यक काढतात, आणि दोषाचा मध्यक शून्याच्या वर गेला तर ते तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ठरत नाही. युरोपीय नियमांत ही चाचणी १९९१ पासून आहे. एवढं वजन जिभेवर असलं की ती जीभ तपासावी असं वाटणारच.

पण दुहेरी भुरका म्हणजे चूक नव्हे. जो अडखळत नाही तो जास्त अचूक असं माझ्या सामग्रीत कुठेही दिसत नाही. उलट सगळ्यांत जास्त अडखळणारी टेस्टर पॅनेलमध्ये सर्वांत ज्येष्ठ आहे. आकडेवारी दिली असती तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांनी एकेकच भुरका मारला असता.

आणखी एक कारण आहे, ते मी उत्तरात लिहिलं नाही. इथे सर्दी झाली तरी कोणी मोठ्याने सांगत नाही. कोविडनंतर वास गेलेल्या टेस्टरांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. आवाजाच्या फायलींवरची नावं आज काढून टाकली, आणि भुरक्यावरूनही माणूस ओळखू येतो म्हणून मूळ फायली पॅनेलच्या ताब्यात दिल्या.

२० मार्च

स्पेशल्टी कॉफी असोसिएशनने २०२३ मध्ये पुढे आणलेल्या नव्या मूल्यांकन पद्धतीवर पॅनेलचा सराव सुरू झाला. जुन्या फॉर्मवर वर्णन आणि पसंती एकाच आकड्यात मिसळायची, १०० पैकी गुण आणि ८० किंवा त्याहून जास्त मिळाले की ती स्पेशल्टी, म्हणजे वरच्या प्रतीची. आता वर्णनाचा कागद वेगळा, पसंतीचा वेगळा. वर्णनात तीव्रता ० ते १५, पसंतीत १ ते ९.

कागदावर हे वेगळं करणं मला योग्य वाटतं. टेबलावर ते किती वेगळं राहतं, याबद्दल शंका आहे. वर्णनाच्या कागदावर काम करतानाही दुहेरी भुरका दोषापाशीच पडतो, छान लागलेल्या कपापाशी नाही. छान कपापाशी भुरका लांबतो आणि थुंकायला उशीर होतो. म्हणजे कागद कोणताही असो, नापसंती आणि पसंती दोन्ही आवाजात आधी येऊन जातात. पॅनेलप्रमुखांना हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, "थुंकायला उशीर होतो ते मला माहीत आहे. मी त्यावरूनच बघते, फॉर्म नंतर वाचते."

हे वाक्य त्यांनी मला आज सांगितलं. पहिल्या दिवशीच्या मुलाखतीत याच प्रश्नावर त्यांनी मला फॉर्मची प्रत दिली होती.

२७ मार्च

पट्टी नव्या टेस्टरांच्या प्रशिक्षणात राहणार, प्रतवारीत नाही. पट्ट्या स्कॅन करून रेघांची जाडी मोजावी आणि गुणांशी ताडून पाहावी, असा एक प्रस्ताव आला. मी विरोध केला. जाडी मोजली जाते हे कळलं की हात जाडीकडे लक्ष देईल, कपाकडे नाही. प्रस्ताव पडलेला नाही, पुढे ढकलला आहे.

अहवालाच्या जोडीला एक ऐकण्याची बैठक ठरते आहे. बाहेरच्या वाचकांना पाच कप आणि पॅनेलच्या संमतीने निवडलेलं, आवाजावरून कोणी ओळखू न येणारं ध्वनिमुद्रण द्यायचं. आधी ऐका, कोणत्या कपाशी लय मोडते ते लिहा, मग चाखा. ॲसेटिक घातलेला कप कोणता ते मला माहीत असता कामा नये, म्हणजे माझाही चेहरा काही सांगणार नाही. ते काम तरुण टेस्टरकडे.

पॅनेलप्रमुखांना उद्या पट्टीचा सुधारित कागद द्यायचा आहे. अट अशी, की ए-फोरवर चार लॉट बसले पाहिजेत. ७१ पासून २१ पर्यंत रेघ काढायला पुरेशी जागा ठेवली तर तीनच बसतात. तीनच देणार आहे.